चिंचेखालची डबी

गॅबू दुपारी चाळीस मिनिटं झोपायचा. कुणी अंगणातून हाक मारली तर वीस, आणि कुकरची शिट्टी झाली तर संपलंच. त्या चाळीस मिनिटांत मला एम. ई. पुरं करायचं होतं.

हे २००७ सालचं. गॅबू दहा महिन्यांचा होता. मी वसईतल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात हंगामी लेक्चरर, सकाळी आठ ते साडेबारा. एम. ई.ची मुदत बाळंतपणासाठी एकदा वाढवून घेतली होती. आता वीस नोव्हेंबर ही शेवटची तारीख. त्याआधी प्रकल्प पुरा करून दाखवला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द म्हणजे जानेवारीत माझ्या जागी दुसरं कुणी. प्राचार्यांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं होतं. गोड शब्दांत सांगितलं की माणसाला भांडताही येत नाही.

आमचं घर राजोडीकडे जाणाऱ्या रस्त्याला, आळीच्या तोंडाशीच. मागे सासऱ्यांची वाडी. केळी, कडेला नारळ, मधे एक जुनी चिंच आणि पार टोकाला बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. समुद्राचा आवाज इथवर येत नाही, पण त्याचं मीठ येतं. पंपाने पाणी जास्त उपसलं की एप्रिलपासून विहीर मचूळ. म्हणून माझा प्रकल्प असा, की वाडीत आठ ठिकाणी मातीतली ओल मोजायची, आकडे बिनतारी घरापर्यंत आणायचे आणि जिथे ओल आहे तिथे पाणी सोडायचं नाही.

त्यासाठी मी माणिकपूरच्या बाजारातून साबणाच्या आठ डब्या आणल्या. प्रत्येक डबीत एक इवलासा रेडिओ, मातीत खुपसायच्या दोन सळ्या आणि दोन पेन्सिल सेल. ओटीवर एक मोठा डबा ठेवला, जुन्या स्कूटरच्या बॅटरीला जोडून. लाइट गेली तरी तो चालू. आठही डब्यांचे आकडे त्यात जमा व्हायचे आणि त्याच्या छोट्या पडद्यावर ओळीने उमटायचे.

माझे सासरे सिप्रियन, ज्यांना मी पप्पा म्हणते, त्यांनी पहिल्या दिवशी एक डबी उचलून कानाशी हलवून बघितली. "हिला मातीची ओल कळते?" मी म्हटलं, कळते. मग ते खाली बसले, चिमूटभर माती बोटांत चुरगळली आणि म्हणाले, "मलापण कळते. सेल लागत नाहीत." तरी आठही डब्यांना काठ्या रोवून दिल्या त्यांनीच, आणि रोज सकाळी त्यांचा लाल दिवा लुकलुकतो की नाही हे बघत वाडीतून एक फेरी मारायचे.

अट एकच होती, पण तीच जीव खाणारी. तीस दिवस सलग चालायला हवं, सेल न बदलता. माझ्या गाइड मनोरमा मॅडम मुंबईहून फोनवर म्हणाल्या होत्या, "सेल बदलत बसायचं असेल तर वाडीत माणूसच पाठव ना. तो चहावर चालतो."

अशा डब्यांना जगायचं असेल तर झोपावं लागतं. दर दहा मिनिटांतली नऊ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद झोपायचं, दोन सेकंद उठून आपला आकडा सांगायचा आणि पुन्हा झोपायचं. लोकांना वाटतं की बोलण्यात सेल जातो. ऐकण्यातही तितकाच जातो. नुसतं कान देऊन बसलं, समोरचा एक अक्षर बोलला नाही, तरीसुद्धा. हे मला पुस्तकात वाचावं लागलं याचंच नंतर हसू आलं. गॅबू झाल्यापासून मी दुसरं करत काय होते?

केळीच्या पानांत पाणी फार. ते बिनतारी लहरी पिऊन टाकतं. त्यामुळे लांबच्या डब्यांचा आवाज ओटीपर्यंत नीट पोचायचा नाही. चिंचेखालची डबी मात्र घराला जवळची, आणि तिच्यापुढे मोकळी वाट. म्हणून मी बाकीच्या सात जणींना सांगून ठेवलं, की तुम्ही हळू बोला, चिंचेखालची ऐकेल आणि तुमचं ती घरी पोचवेल. हळू बोलायला सेल कमी लागतो. कागदावर हिशेब इतका सुंदर दिसत होता की मी तो जॉयलला, माझ्या नवऱ्याला, दाखवला. तो म्हणाला, छान. तो प्रत्येक गोष्टीला छान म्हणतो.

पाचव्या दिवशी सगळं बंद. वाडीत जाऊन बघते तो सात जणींचे सेल जवळजवळ नवेकोरे, आणि चिंचेखालची संपलेली. सात जणींचं ऐकायचं म्हणून ती बिचारी झोपतच नव्हती. ती गेली आणि सगळी वाडी मुकी झाली.

मी प्रोग्रॅम बदलला. तिलाही मधून मधून डुलकी मिळेल असं केलं. सात दिवस चालली. पुन्हा बदलला, सातचे साडेसात झाले. दर वेळी नवे सेल, दर वेळी पहिल्या दिवसापासून मोजणी. ऑक्टोबरची आठ तारीख उजाडली तेव्हा माझ्याकडे एकाच प्रयत्नापुरते दिवस उरले होते, आणि काय बदलायचं ते माहीत नव्हतं.

त्यात घर. घरात सगळ्यांना माझ्यातूनच बोलायची सवय. जॉयल ऑफिसातून फोन करून म्हणायचा, आईला सांग मला उशीर होईल. आई म्हणजे माझ्या सासूबाई थेरेसा, त्या सांगायच्या, पप्पांना विचार केळीवाला कधी येणार. पप्पा वाडीतून ओरडायचे, बाय, आईला सांग विळा देऊन ठेव. फोन ओटीवर, आई स्वयंपाकघरात, पप्पा वाडीत, आणि मी मधल्या खोलीत, कडेवर मूल आणि मांडीवर कॉम्प्युटरचा कीबोर्ड. मधल्या खोलीत बसणाऱ्याने निरोप पोचवायचे हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. मी तिथे बसत होते एवढंच.

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा महिना. मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी आळीतल्या एका घरी जाते, सगळे तिथे जमून माळेची प्रार्थना करतात आणि नंतर त्या घरचा चहा आणि उकडलेले चणे. आळीची यादी करतात पप्पा. कुणाच्या घरी कुठल्या दिवशी मूर्ती, हे ते सप्टेंबरातच वहीत लिहून चर्चमध्ये देतात. त्या वर्षी वही कुणी नीट बघितली नव्हती. एक तारखेला मूर्ती आमच्याकडे आली, स्वाभाविक होतं. तीन तारखेला पुन्हा आली. सहाला आली. नऊ तारखेच्या दुपारी पप्पा सहज म्हणाले की आजही आपल्याचकडे आहे, चणे भिजत घाल.

आईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. आवाज न करता ठेवलं, तेव्हाच मला कळलं. मी दाराशी गॅबूला थोपटत उभी होते आणि तो जेमतेम डोळे मिटत होता.

"वही आणा," आई म्हणाल्या.

पप्पांनी वही आणली. त्या महिन्यात आमचं नाव अकरा वेळा होतं. पप्पांनी समजावून सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. बेटीबाईचं घर बावखलाच्या पलीकडे, बांधावरून जावं लागतं. व्हॅलेरियनचं घर पार शेवटाला, म्हाताऱ्यांचे पाय दुखतात. आपलं घर रस्त्याला, मोठं अंगण, सगळ्यांना जवळ. कुणी जरा कां कूं केलं की पप्पा म्हणायचे, राहू दे, आमच्याकडे करू. आळी त्यांना देवमाणूस म्हणत होती.

"सगळ्यांना जवळ," आई म्हणाल्या. "आणि चाळीस माणसांचा चहा कोण करतं? तुमचं अंगण?"

पप्पा म्हणाले, देवाचं काम आहे, थेरेसा. लोकांना लांब चालायला लावायचं म्हणजे...

"लांब चालतील तर त्यांचे पाय एक दिवस दुखतील. एक दिवस. माझे रोज दुखतात." हे आई आमच्या घरच्या बोलीत म्हणाल्या. पुस्तकी मराठीत ते निम्मंही झोंबत नाही. "घर जवळ आहे म्हणून माणूस संपवायचं का?"

गॅबू दचकून रडायला लागला. मी त्याला उचललं, पण माझं लक्ष नव्हतं. मी आईंकडे बघत होते आणि मला चिंच दिसत होती.

जवळ आहे म्हणून. कमी खर्चाचं आहे म्हणून. मी आठही डब्यांचा एकूण खर्च वाचवत बसले होते, आणि तो सगळा वाचलेला खर्च एकीच्या माथी मारत होते. पप्पांच्या वहीत आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये काही फरकच नव्हता.

संध्याकाळी मूर्ती आली ती आईंनी उंबऱ्यावर हात जोडून नमस्कार करून तशीच पुढे पाठवली, व्हॅलेरियनच्या घरी. लोक कुरकुरत शेवटपर्यंत चालत गेले. परत येताना म्हणत होते की व्हॅलेरियनकडचे चणे चांगले होते. पप्पा गेले नाहीत. आणि त्या दिवसापासून पप्पा आणि आई एकमेकांशी बोलेनासे झाले.

वहीचा उरलेला महिना आईंनीच लिहिला. मी कीबोर्डवर, त्या समोर पाटावर. माझं लक्ष त्यांच्या वहीत जास्त. त्यांनी सरळ ओळीने घरं लिहिली नाहीत. प्रत्येक घरी स्वतः जाऊन विचारून आल्या. युजीनच्या घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली, त्याने म्हटलं आम्हाला या वर्षी झेपणार नाही, तर ते नाव सोडलं. मी म्हटलं, एडवर्डच्या बायकोचंही ऑपरेशन झालंय ना, त्यांनाही सोडा. आई म्हणाल्या, "ते त्यांनी सांगायचं. आपण बाहेरून ठरवायचं नाही. तिला करायचं असेल." आणि खरंच, एडवर्डच्या बायकोने दिवस मागून घेतला.

मी तसंच लिहिलं. मोठ्याने ओरडलं तर ओटीपर्यंत पोचतील अशा पाच डब्या होत्या. ओरडण्याचा खर्च जास्त, पण पाच जणींत वाटला जाणार होता. रोज सकाळी सहाला एकीने जबाबदारी घ्यायची, दिवसभर बाकीच्यांचं ऐकायचं, घरी पोचवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या डबीकडे सोपवून झोपायचं. आणि जिच्या सेलात कमी उरलंय तिने स्वतःच तसं सांगायचं, म्हणजे तिला सोडून पुढची. हे सगळं मी तीन दुपारींत लिहिलं. त्यातल्या दोन दुपारी गॅबू पंचवीस मिनिटांत उठला. एकदा मी त्याला मांडीवर घेऊन एका हाताने टाइप करत होते आणि त्याने पालथा पंजा कीबोर्डवर मारला. ती ओळ शोधायला माझी अख्खी रात्र गेली. मी त्याच्यावर ओरडले, तो हसला, मी रडले, मग त्याने माझं नाक धरलं.

हिशेब बत्तीस दिवसांचा निघाला. हवे होते तीस. पदरात दोन दिवसांची ओल.

शेवटी एक काटकसर आणखी केली. डब्यांचे लाल दिवे बंद करून टाकले. दिवा हा आपल्याला बघायला बरा वाटतो म्हणून असतो, डबीला त्याचा काही उपयोग नाही. पप्पा सकाळी फेरी मारताना दिवे बघतात हे माझ्या लक्षात होतं. तेरा ऑक्टोबरला पहाटे सहाला नवे सेल घालून सगळं सुरू केलं, घाईघाईत अंघोळ करून कॉलेजला निघाले आणि निघता निघता आईंना म्हटलं, पप्पांना सांगा, दिवे मी बंद केलेत, डब्या चालू आहेत.

बारा दिवस झाले. पंधरा झाले. रोज सकाळी आठ ओळी उमटायच्या. रोज सहाला जबाबदारी एकीकडून दुसरीकडे जायची आणि मी ती जाताना बघायचे, कडेवर गॅबू, हातात त्याची पेज. सतराव्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की होईल. घरात मात्र पप्पा-आईंचं मौन चालूच. पूर्वी निरोप माझ्यातून जायचे ते सवयीने. आता दुसरी वाटच नव्हती. एकाच टेबलावर बसून पप्पा म्हणायचे, "बाय, यांना सांग मीठ द्या." आई मीठ उचलून माझ्यापुढे ठेवायच्या. मी ते सरकवायचे. जॉयल म्हणाला, थोडे दिवस, होईल नीट. मी त्याला म्हटलं, मग उद्यापासून तू मधे बस. तो दुसऱ्या दिवशी ताट घेऊन टीव्हीसमोर बसला.

दोन नोव्हेंबर हा आमचा मृतांचा दिवस. सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात. पप्पा सकाळीच माणिकपूरला जाऊन मेणबत्त्या घेऊन आले. संध्याकाळी कबरस्तानातून परतलो, मी गॅबूला भरवत होते. ओटीवर पप्पांचा छोटा रेडिओ लागला, सातच्या बातम्या. तो रेडिओ महिनाभर मुका होता, सेल संपले म्हणून. आज खणखणीत वाजत होता. अर्धा तास वाजला. मग बंद झाला, आणि पप्पांचा आवाज आला.

"थेरेसा, जरा इकडे ये."

माझा चमचा हातातच राहिला. चोवीस दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. आई पदराला हात पुसत बाहेर गेल्या. बराच वेळ कुजबुज. मग दोघं मधल्या खोलीच्या दाराशी आले. पप्पांनी आईंना कोपराने पुढे ढकललं, आईंनी त्यांना. शेवटी पप्पाच बोलले.

"बाय, तुझे मेलेले सेल बातम्या सांगतायत."

मला काही कळेना. मग एकेक करून कळलं. पप्पा तीन आठवडे रोज सकाळी वाडीत बघत होते, एकाही डबीचा दिवा लागत नव्हता. पोरीचं बिघडलंय, ती लाजेने सांगत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाकीच्यांचं काही असो, चिंचेखालची आधी जाते एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून मेणबत्त्यांबरोबर त्यांनी माणिकपूरहून चांगल्यातले दोन सेल आणले आणि अकरा वाजता, मी कॉलेजात असताना, गुपचूप चिंचेखालच्या डबीत घातले. मला आश्चर्य वाटावं म्हणून. जुने फेकायला जीव होईना, म्हणून रेडिओत घालून बघितले.

एकविसावा दिवस होता. मी किती ओरडले ते लिहीत नाही. गॅबू रडायचंही विसरून माझ्याकडे बघत राहिला इतकी ओरडले. पप्पा मान खाली घालून उभे. सत्तरीला आलेला माणूस, हातात दोन सेल, शाळेत पकडल्यासारखा. मग मी आईंकडे वळले. मी तुम्हाला सांगितलं होतं, म्हटलं. तेरा तारखेला, दारातून. पप्पांना सांगा, दिवे बंद आहेत, डब्या चालू आहेत.

आईंनी मला पूर्ण बोलू दिलं.

"सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "आमचं बोलणं बंद होतं. रोज मीठ तूच सरकवत होतीस ना? मग मी कुणाच्या तोंडून सांगणार होते?"

आठ डब्यांच्या वाटा मी रोज तपासत होते. घरात कुठली वाट बंद आहे हे मलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं, कारण मीच तिचा पूल झाले होते. आणि नेमका माझा स्वतःचा निरोप मी त्या बंद वाटेने पाठवला होता.

मी सेल घेतले, मीटर लावून बघितला. जीव होता, पण बातम्यांनी बराच खाल्ला होता. आम्ही तिघं टॉर्च घेऊन चिंचेखाली गेलो. गॅबू आईंच्या कडेवर. पप्पांनी नवे काढले, मी जुने घातले, आणि डबी पुन्हा बोलू लागली. परत येताना पप्पा आईंना म्हणाले की बांधावर पाय जपून टाक. आई म्हणाल्या, दिसतंय मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनोरमा मॅडमना फोन केला. मोजणी मोडली असंच त्या म्हणतील हे धरून चालले होते. जे झालं ते सगळं सांगितलं, आठ तास नवे सेल, अर्धा तास बातम्या, पुन्हा जुने. त्यांनी विचारलं, बातम्या पूर्ण लागल्या? म्हटलं, हवामानासकट.

"मग तुझ्या डबीला आठ तासांचा आराम मिळाला आणि अर्ध्या तासाचा भुर्दंड पडला. भुर्दंड मोठा आहे," त्या म्हणाल्या. "जसं झालं तसं रिपोर्टात लिही, एक अक्षर लपवू नकोस. त्या आठ तासांचे आकडे त्या डबीपुरते वगळ. आणि तरीही तीस दिवस झाले तर मी परीक्षकांसमोर तुझ्या बाजूने उभी राहीन. एकोणतीस झाले तर मला फोन करू नकोस."

उरलेले नऊ दिवस मी कसे काढले ते आळीला माहीत आहे. दिवाळीची सुट्टी लागली होती, त्यामुळे दिवसभर घरीच. दर दहा मिनिटांनी ओटीवर जायचं, बघायचं, परत यायचं. गॅबू नुकताच भिंतीला धरून चालायला लागला होता, तोही माझ्या मागे ओटीवर यायचा आणि मोठ्या डब्याला थोपटायचा. त्याला वाटत असावं, या घरात हे दुसरं बाळ आहे. खरं सांगायचं तर त्याच्या वाटचे पापे मी त्या दिवसांत मोजूनच दिले. एकदा त्याने डब्याची वायर तोंडात घातली आणि मी आधी वायर तपासली, मग त्याचं तोंड. हे मला अजून टोचतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी सहाला चिंचेखालच्या डबीची पाळी होती. आकडा आला नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मग ओळ उमटली. तिने सांगितलं होतं, माझ्यात कमी आहे, मला सोडा. आणि जबाबदारी बावखलाजवळच्या डबीने घेतली होती. चिंचेखालची आपला स्वतःचा आकडा तेवढा सांगत होती, हळू आवाजात, आणि झोपत होती. मी आईंना हाक मारून दाखवलं. त्या ओळ वाचता येत नसतानाही बराच वेळ बघत राहिल्या. "बरं केलंन," म्हणाल्या. "हिने पहिल्या महिन्यातच बोलायला हवं होतं."

बारा नोव्हेंबर, पहाटे पावणेसहा. गॅबू पाचलाच उठला होता आणि माझ्या खांद्यावर पुन्हा पेंगत होता. मी ओटीवर जमिनीवर बसले, त्याचं डोकं हनुवटीखाली घेऊन. हलले असते तर तो उठला असता, म्हणून वाकूनही बघता येत नव्हतं. सहा वाजले. पडद्यावर पहिली ओळ आली, बावखल. मग नारळांच्या कडेची. मग केळीतल्या चार, एकामागून एक. सातवी विहिरीजवळची.

आठवी येईना.

मी श्वाससुद्धा हळू घेत होते. गॅबूच्या लाळेने खांदा भिजला होता. मग ती आली. ओल अमुक टक्के, सेल जवळजवळ संपलेले, आणि शेवटी चिंचेचा क्रमांक. तीस दिवस.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि ओटीवर कुणीच नव्हतं. तेवढ्यात पप्पा अंगणातून आले, वाडीची फेरी मारून. मी बोटाने पडद्याकडे दाखवलं. त्यांनी आठ ओळी मोजल्या, प्रत्येकीवर बोट ठेवून. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, गॅबूच्याही ठेवला, आणि खुर्चीत बसत म्हणाले, "बाय, आईला विचार, चहा झाला का."

मी त्यांच्याकडे बघितलं. काही बोलले नाही, उठलेही नाही. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. पप्पांनी थोडा वेळ वाट बघितली, माझ्याकडे बघितलं, मग घसा खाकरला.

"थेरेसा, चहा झाला का?"

"झाला की आणते," आतून आवाज आला. "तिला का विचारताय? बहिरी नाही मी."

मी गॅबूला घेऊन आत गेले आणि त्याच्या शेजारी आडवी झाले. मॅडमना फोन दहा वाजता करायचा होता. नऊ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद तरी झोपावं, असा विचार केला.

त्याने मला चार मिनिटं दिली.